काठावर या, मग बोलू

औंध-बाणेरच्या बाजूला रामनदी मुळेला मिळते. तिथे एका वाळुंजाच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्या हातभर वर, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या लोंबतात. गेल्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते सांगायला दुसरी खूण नको. खाली चिखलात धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपतो. काठाला एवढा उतार आहे, म्हणून तो पक्षी तिथे आहे. नदीकाठ सुधारण्याच्या नावाखाली दगडी भिंत उभी राहिली, तर तो उतरणार कुठे?

या जागेचं काय करायचं, यावर पुण्यात आता प्रत्येकाला मत आहे आणि ते चांगलंच आहे. शेजारच्या सोसायटीतल्या काकू म्हणतात, "डास, साप, रात्रीच्या बाटल्या. बांधून टाका एकदाचं, संध्याकाळी पाय मोकळे करता येतील." काकूंची तक्रार खोटी नाही. मैलापाण्याचा वास मलाही येतो. पण त्यांना हवं ते मिळायला नदीत भराव टाकावा लागत नाही. मैलापाणी थांबवा, राडारोडा उचला, दोन दिवे लावा, पायवाट मोकळी ठेवा. काकू रोज येतील.

म्हशी धुवायला आणणारे मामा वेगळं विचारतात, "आम्हाला खाली उतरायला वाट ठेवणार ना?" एवढ्या साध्या प्रश्नाला आजवर कुणी त्यांना उत्तर दिलेलं नाही.

मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधारायचा, असा महापालिकेचा प्रकल्प आहे. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. २९ एप्रिल २०२३ ला त्यात तोडल्या जाणाऱ्या झाडांसाठी लोक 'चिपको' म्हणत रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच संगमावर पुन्हा माणसं जमली. त्यात आजोबा होते, कॉलेजची पोरं होती, कडेवर लेकरू घेतलेल्या आया होत्या. ही सगळी माणसं विकासाच्या आड येतात, हे ऐकून मला राग येतो. सुट्टीच्या दिवशी झोप सोडून ती आपल्या नदीसाठी आली होती.

आणि पूररेषेचा नियम काय सांगतो? २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. बाग, खेळाचं मैदान, हलकी शेती असा मोकळा वापर चालतो. म्हणजे सगळ्यांची मोकळी जागा कायद्याने आधीच आखून ठेवलेली आहे. ती फक्त राखायची आहे. मोकळी म्हणजे माणसांना मोकळी, तशीच पाण्यालाही. वर्षातले थोडे दिवस पाणी येतं, पसरतं, गाळ टाकून निघून जातं. तेवढे दिवस बाकं भिजली तर भिजू देत. पात्र आवळलं, की तेच पाणी कुणाच्या तरी घरात शिरणार.

हे २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या लोकांनी भोगलंय. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि तिथल्या एकतानगरीत माणसांना होडीतून बाहेर काढावं लागलं. १९६१ च्या जुलैत पानशेत धरण फुटलं, ते पाहिलेली माणसं अजून पेठांमध्ये आहेत. त्यांना विचारा, नदीला किती जागा लागते.

विचारा, हेच माझं म्हणणं आहे. आराखडा पक्का झाल्यावर हरकती-सूचना मागवायच्या, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात जाहिरात द्यायची, सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी ठेवायची, हे विचारणं नव्हे. मामा जाहिरात वाचत नाहीत आणि काकू त्या वेळी नोकरीवर असतात.

पुढची सुनावणी काठावरच घ्या. जुलैतल्या एखाद्या रविवारी, त्या वाळुंजाजवळ, पाण्यापासून बेताचं अंतर ठेवून. नकाशा आणा, निळी रेषा जमिनीवर चुन्याने आखून दाखवा आणि भिंत कुठे येणार तिथे उभं राहून सांगा. काकूंना मी घेऊन येते. मामांना बोलवावं लागणार नाही, ते सकाळी सातला तिथेच असतात.