गुडघ्याखालचा ऑक्टोबर

शरद म्हणजे लाल-पिवळ्या पानांचा सडा, अशी आपल्या मुलांची समजूत इंग्रजी बालगीतांच्या चित्रांनी करून दिली आहे. पालघरकडच्या सागाने ही पुस्तके वाचलेली नाहीत, त्यामुळे तो ऑक्टोबरात अंगभर हिरवा उभा असतो. मग ‘आपल्याकडे शरद नसतोच, असते ती ऑक्टोबर हीट’ असे म्हणून मोठी माणसे पंख्याचा वेग वाढवतात. माझे म्हणणे इतकेच की शरद बोईसर-तारापूरलाही येतो. फक्त तो गुडघ्याच्या खाली येतो, आणि तिथवर नजर पोहोचणारी माणसे सहसा दहा वर्षांच्या आतली असतात.

पुरावा हवा असेल तर ओहोटीच्या वेळी चिंचणीच्या किनाऱ्यावर जावे. चण्याएवढे खेकडे ओली वाळू तोंडात घेऊन तिच्यातले खाण्याजोगे तेवढे गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतात. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते, तरी पुढच्या ओहोटीला तक्रार न करता पुन्हा सुरुवात. मैदानांवर याच दिवसांत पिवळसर चतुरांचे थवे फिरतात. या जातीचे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असे अभ्यासक सांगतात. दोन इंचांहून कमी लांबीचा हा प्राणी बसायला जागा न मागता निघतो, आणि आपण लोकलमध्ये विरारपर्यंत उभे राहावे लागले तर घरी आल्यावर तासभर बोलतो! पण खरा कहर आंब्या-चिकूवरच्या तांबड्या मुंगळ्यांचा. पाने जोडून घर शिवायला धागा लागतो आणि तो मोठ्यांकडे नसतो. म्हणून ते स्वतःच्या अळ्या जबड्यात धरून सुईदोऱ्यासारख्या या पानावरून त्या पानावर फिरवतात. अळ्यांच्या तोंडून रेशीम निघते, घर उभे राहते, आणि त्या बिचाऱ्यांना स्वतःच्या कोशापुरताही धागा उरत नाही. बालमजुरीचा कायदा झाडावर लागू नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा औद्योगिक पट्टा आहे, इथे कसला निसर्ग? हवा-पाण्याबद्दलची तक्रार रास्त आहे, आणि मुंगळ्याचे घरटे दिसले म्हणून कोणत्याही कारखान्याला प्रशस्तिपत्र मिळत नाही. मात्र तेवढ्यावरून मुलाला गाडीत घालून दूरच्या रिसॉर्टवरचा कृत्रिम धबधबा दाखवायला नेणे हे काही उत्तर नव्हे. दुसरा आक्षेप सापांचा, तो मला सपशेल मान्य आहे. पावसानंतरच्या गवतात बूट हवेत आणि बिळात हात नको. तिसरा आक्षेप पालक उघड बोलत नाहीत: ‘आम्हालाच नावे माहीत नाहीत.’ पण मूल आधी नाव विचारतच नाही. ते विचारते, ‘हा काय करतोय?’ एवढे सांगायला पदवी लागत नाही, उकिडवे बसता आले म्हणजे झाले. (चाळिशीनंतर पदवी सोपी वाटते, हा भाग वेगळा.)

शिवाय आजूबाजूच्या निसर्गातून मुलांना शिकवणे पालघर जिल्ह्याला नवे नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे सहकारी अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर काम वाढवले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली आणि तिचे नावही कुरणशाळा पडले. पाने, बिया, खडे, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य. आज आपण हेच शिंपले प्लास्टिकमध्ये, वयोगट छापून विकत घेतो.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत एखादी संध्याकाळ चिकूच्या झाडाखाली काढायला हरकत नाही. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. मुंगळ्यांच्या त्या पोरांना सुट्टी कधी असते, असे मूल हमखास विचारणार, आणि ज्याचा गृहपाठ राहिला आहे ते तर दोनदा विचारणार.