शिपाई, मिल आणि मत : ओहायोहून लाखनीस पत्र

ती. आबांच्या चरणी ओहायोवासी चिरंजीव, सूनबाई व नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

लाखनीच्या घराची घरपट्टी आजवर एकदाही थकू न देणाऱ्या आबांनी चिरंजीवांच्या घराचा कर एकाएकी का वाढला याचा खुलासा मागविला असल्याने, तो सविस्तर सादर करणे या कुटुंबाचे कर्तव्य ठरते: हा कर शिपायांसाठी वाढला आहे. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्याचा विषय असल्यामुळे भंडारा जिल्ह्यातील शिपायाचा पगार राज्य शासन देते आणि घरपट्टीचा पैसा फार तर गावच्या नालीपर्यंत पोहोचतो. ओहायोत मात्र शिपाई वाढविण्यासाठी लागणारा जादा कर स्थानिक मतदारांपुढे ठेवला जातो, कारण मतदारांना न विचारता लावावयाच्या मालमत्ता करास येथे सर्वसाधारणपणे 10 मिलची मर्यादा आहे. मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर 1,000 डॉलरमागे 1 डॉलर, आणि करपात्र मूल्य म्हणजे सरकारी मूल्यांकनाचे 35 टक्के. यावरून 1 लाख डॉलरच्या घरास 1 मिलपोटी वर्षाला 35 डॉलर पडतात, हा हिशेब नातवंडांनी बोटांवर केला व चिरंजीवांनी कॅल्क्युलेटरवर पडताळला.

मतदानापूर्वी अंगणोअंगणी फलक लागतात, त्यांत एक पक्ष चोरांची भीती घालतो तर दुसरा कराची, आणि बहुमत मिळाल्यास कर ठरावीक वर्षांसाठी किंवा कायमचा लागू होतो. प्रस्तुत कुटुंबास अद्याप नागरिकत्व नसल्याने ते कर भरण्यास सर्वथा पात्र, परंतु मत देण्यास सर्वथा अपात्र आहे. म्हणून सूनबाईंनी लाखनीहून आलेल्या पोह्यांच्या बळावर शेजाऱ्यांचे मत वळविण्याचा प्रयत्न केला असता, शेजाऱ्यांनी पोहे दोनदा वाढून घेतले आणि मत मात्र आधीच पोस्टाने पाठविल्याचे कळविले.

याउलट महाराष्ट्रात मतदानाने गावातील दारूची बाटली आडवी करण्याचा अधिकार आजींना आहे, परंतु त्या बंदीवर नजर ठेवण्यासाठी एक शिपाई वाढवून मागणारी मतपत्रिका त्यांच्या हाती कधी येत नाही. तरीही आबांनी हा ओहायोचा नमुना नगरपंचायतीपुढे मांडू नये अशी नम्र विनंती आहे, कारण कर तत्काळ मंजूर होईल आणि त्यातून वाढलेला शिपाई मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तास जाईल.

कळावे, आशीर्वाद असावा.