गळतीमास्तर

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही मृगाची पहिली सर आली की इथली जुनी घरं जुन्या गलबतासारखी पाणी घ्यायला लागतात, आणि न बोलावता हजर होतो गळतीमास्तर. निवृत्त गृहस्थ, बगलेत छत्री, खिशात एम-सीलची पुडी.

रामराम नंतर, आधी मान वर. ‘‘थेंब इथं पडायलाय, पण पाणी शिरायलंय तिकडून!’’ यात तो चुकत नाही, हीच पंचाईत आहे. पाणी तुळईच्या कडेकडेनं हातभर चालत येतं आणि मग टपकतं. हे दाखवायला तो खालचं टोपलं पायानं सरकवतो. म्हातारी ओरडते, ‘‘मास्तर, शिकवणं मागून, आधी टोपलं जागेवर ठिवा!’’

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, सानं हा त्याचा लाडका विषय. उजेड आत यावा, धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेलं हे भोक. भोवती मातीचा कठडा, वर पत्र्याचं झाकण. कठडा खचला की माळवदावरचं पाणी झाकणाखालून थेट चुलीवर. ‘‘तुझा आजा दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकून धुमसानं चोपायचा. तुम्ही वर गवत वाढू देता!’’ गवताची मुळं पाण्याला वाट करून देतात, हेही खरंच. सगळं खरं बोलणारा माणूस गळत्या घरात फार वेळ सोसवत नाही.

स्लॅबवाल्यांचीही सुटका नाही. कठड्याच्या कोपऱ्यात गवंड्यानं सिमेंटचा गोलसर वाटा नीट मारला नाही, हे तो गवंड्याच्या सोयरिकीसकट सांगतो. मग दोन्ही गोळ्या एकत्र मळून एम-सील ओल्या भेगेत दाबतो. सकाळी ते फरशीवर पडलेलं असतं. ‘‘ओल्यावर धरतच नाही ते. वैशाखात करू.’’

वैशाखात तो खरोखर येतो. तेव्हा घरधनी म्हणतो, ‘‘बसा मास्तर, चहा घ्या. पाऊस कुठंय अजून?’’

तेव्हा मंडळी, मे महिन्यात पन्हाळीला बोळा घाला, गच्चीवर दोन बोटं पाणी चोवीस तास साठवा आणि खालून छत बघा. माळवद असेल तर सान्याचा कठडा वीतभर उंच करून घ्या. मास्तर जूनमध्ये यायचे ते येणारच, पण निदान त्यांना बसायला कोरडी जागा असेल.