मोदकचे बाबा

आमच्या सोसायटीत एक सद्गृहस्थ राहतात. त्यांचं नाव मला माहीत नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या टेम्पोपाशी सगळे त्यांना 'मोदकचे बाबा' म्हणतात. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव न घेता 'बंड्याचे बाबा' म्हणत, त्याच परंपरेतलं हे. फक्त बंड्याला आता चार पाय आणि एक शेपटी आहे.

मोदक हे लॅब्रॅडॉर जातीचं पिल्लू. हल्ली पिल्लांना खाण्याच्या पदार्थांची नावं ठेवतात. सी विंगमध्ये चकली आहे, ए विंगमध्ये बटर आणि कोको. मोती, टायगर, राजा ही जुनी घराणी खालसा झाली. 'मोदकने देवघरासमोर शू केली' हे वाक्य समोरच्या बाल्कनीतून पहिल्यांदा ऐकू आलं, तेव्हा आमच्या हिने कानांवर हात ठेवले होते.

मोदकचे बाबा एकटे नाहीत, ती एक जमात आहे. वय तिशीच्या पुढे-मागे. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला. घर वाकडला, चौथ्या मजल्यावर, हप्ते वीस वर्षांचे. असं जोडपं एखाद्या शनिवारी उत्साहाच्या भरात पिल्लू घरी आणतं, रविवारभर त्याचे फोटो काढतं, आणि रात्री दहा वाजता दोघांच्याही एकदमच लक्षात येतं की उद्या सोमवार आहे.

या जमातीचा माणूस दुरूनही ओळखू येतो. पायातल्या चपला दोन वेगळ्या जोडांतल्या, कारण प्रत्येक जोडातली एकेक खाल्ली गेलेली. हाफ पँटच्या एका खिशात इअरफोन, दुसऱ्यात उकडलेल्या चिकनचे तुकडे. डोळे तारवटलेले. आपण रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभे असतो, तो शेजारी येतो आणि गहिवरून सांगतो, "आज घट्ट होती, काका!" काय घट्ट होती, हे विचारायची चूक मी एकदाच केली.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती रात्री तीन वाजता. मी अडुसष्ट वर्षांचा, सरकारी खात्यातून निवृत्त. प्रोस्टेट नावाची ग्रंथी निवृत्त व्हायला तयार नाही, म्हणून रात्री दोनदा उठतो. आमच्या बाथरूमची खिडकी त्यांच्या बाल्कनीसमोर येते, आणि दोन विंगांमधलं अंतर बिल्डरने एवढंच ठेवलंय की त्यांच्या फोडणीला आम्ही शिंकतो. त्या रात्री पाहतो तर समोर प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताच्या तुकड्यावर एक पिवळसर गोळा बसलेला, आणि त्याच्यापुढे हा बनियनवरचा इंजिनिअर हात जोडून उभा. "कर ना रे राजा. गो पॉटी. प्लीज, गो पॉटी." मी आत ज्या विवंचनेत होतो, तीच विवंचना बाहेर तो दुसऱ्याच्या वतीने भोगत होता. आमची नजरानजर झाली. दोघांनीही मान हलवली. समदुःखी माणसांना ओळख करून घ्यावी लागत नाही.

पुढे त्यांनी मला त्यामागचं शास्त्र समजावलं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा. साधारण तितके तास ते दाबून धरू शकतं. मोदक दोन महिन्यांचा, म्हणजे फार तर तीन तास. इकडे ऑफिस नऊ तासांचं, आणि वाकड ते हिंजवडी अंतर हाकेवर असलं तरी जाण्यायेण्यात दोन तास मोडतात. अकरातून तीन गेले, उरले आठ. त्या आठ तासांचं काय करायचं, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. रजेचं विचाराल, तर बाळंतिणीला कायद्याने २६ आठवडे मिळतात, श्वानपित्याला काहीच नाही. त्यांनी चार दिवस आजारी रजा घेतली. डोळे पाहून साहेबांनी विश्वासही ठेवला.

ते सूत्र मी गुपचूप स्वतःला लावून पाहिलं. अडुसष्ट वर्षं म्हणजे ८१६ महिने. त्यात एक मिळवला. ८१७ तास, म्हणजे चौतीस दिवस. सूत्रात कुठेतरी दुरुस्ती हवी, असं माझं नम्र मत आहे.

आमच्या गावी हा प्रश्नच नव्हता. कुत्र्याने घरात घाण करू नये म्हणून काय करावं, असं कुणी विचारत नसे, कारण कुत्रं घरात नसेच. ते दारात असे. उरलेली भाकरी खाई, रात्री भुंके आणि पोट मोकळं करायला अख्खा शिवार त्याच्या मालकीचा असे. पुढे वाडे गेले, अंगणं गेली, फ्लॅट आले. दार उरलं, पण दारापुढे लिफ्ट आली. मग कुत्रं आत आलं, आणि त्याच्याबरोबर कुत्र्याचं शौचकूप हा विषयही आत आला. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते. मोदकचे बाबा टिश्यूचा रोल घेऊन धावतात. भक्ती तीच, साहित्य बदललं.

मग एके दिवशी क्रेट आला. मला क्रेट म्हटलं की नारायणगावच्या बाजारातलं टोमॅटोचं कॅरेट आठवतं. प्रत्यक्षात आली ती लोखंडी गजांची पेटी. "अरे, हा तर पिंजरा!" मी म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांच्या मुलाला पाळणाघराऐवजी येरवड्याला धाडायला सांगितलं. "पिंजरा नाही हो काका, डेन. त्याची गुहा." साताऱ्याहून त्यांच्या आईंचा फोन आला, तेव्हा स्पीकरवरून गुहेबद्दलचं त्यांचं मत आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं: "मुक्या जिवाला कोंडून ठेवतोस? तुला कधी कोंडला होता का आम्ही?"

पण त्या गुहेमागेही शास्त्र आहे. कुत्रं शक्यतो झोपायची जागा घाण करत नाही. म्हणून क्रेट एवढाच हवा की त्यात उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. जास्त मोठा झाला की ते एका कोपऱ्यात बेडरूम करतं आणि दुसऱ्यात बाथरूम. यांनी मोदक मोठा होईल म्हणून मोठाच क्रेट घेतला होता. मग मधली जाळीची भिंत सरकवून त्याचा वन आरके केला. उभं राहता यावं, वळता यावं आणि बसल्या जागी डुलकी लागावी, एवढ्याच मापाच्या खुर्चीटेबलात ते स्वतः हिंजवडीत नऊ तास असतात. ते मी त्यांना बोललो नाही. आधीच खचलेल्या माणसाला काय सांगायचं.

क्रेटची सवय लावणं हे सून घरात रुळवण्यासारखं नाजूक काम. पहिले काही दिवस दार उघडंच. आत चिकनचा तुकडा टाकायचा. तो जाणार, खाणार, बाहेर येणार. मग जेवणाची वाटी आत. मग दार लावायचं, पण एकच मिनिट. मग पाच. मग पंधरा. शिक्षा म्हणून कधीच आत घालायचं नाही, नाहीतर गुहेची कोठडी होते. वरून अंधारासाठी सोलापुरी चादर, आत आईंनी शेवटी विरघळून पाठवलेली गोधडी. पहिल्या रात्री मोदक असा रडला की ए विंगमधली बटर आणि कोको सहानुभूतीने सामील झाली. त्यातही बारकावा असा की उगाच रडत असेल तर दार उघडायचं नाही, लागली म्हणून रडत असेल तर लगेच उघडायचं. दोन्ही रडणी मला सारखीच वाटत. मोदकच्या बाबांना फरक कळू लागला, असं ते म्हणत. त्यांची बायको म्हणे, "माझ्या आवाजातला फरक कळायला तुला चार वर्षं लागली."

या सगळ्याची नोंद व्हायची. त्यांनी संगणकावर तक्ता केला होता: तारीख, वेळ, खाणं, पाणी, शू, शी, स्थळ, शेरा. चौतीस वर्षं हजेरीपट सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो पाहून भरून आलं. 'स्थळ' या रकान्यात पहिल्या आठवड्यात सोफा, गालिचा, लॅपटॉपची बॅग अशी पर्यटनस्थळं होती. 'शेरा' या रकान्यात 'माझी चूक' एवढंच, ओळीने अकरा वेळा. कारण शास्त्र असंही सांगतं की पिल्लाची चूक नसतेच. झोपून उठलं की न्यायचं, जेवलं की न्यायचं, खेळून झालं की न्यायचं. आपण नेलं नाही, तर ते जिथे उभं तिथे करणार.

कामाच्या मावशींना मात्र हे तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. "दादा, चूक तुमची असू दे, फरशी माझी आहे," असं म्हणून त्यांनी पाचशे रुपये वाढवून घेतले. शिवाय त्यांचं आवडतं उग्र वासाचं क्लीनर बंद झालं. अमोनियाचा वास पिल्लाला आपल्याच शूसारखा वाटतो, त्याची समजूत होते की संडास इथेच. त्याऐवजी एन्झाइमची महागडी बाटली आली. आमच्या घरच्या तेलाच्या डब्यापेक्षा ती महाग आहे, ही माहिती हिने मला दोनदा दिली.

घरून काम असे त्या दिवशी तर बहार असे. एकदा अमेरिकेतले क्लायंट तासभर आपल्या अडचणी सांगत होते. ते थांबले, आणि त्याच क्षणी मोदकने बाल्कनीत कार्यभाग उरकला. यांचा माईक चालू होता. "गुड जॉब! वेल डन! सगळं बाहेर काढलंस! आय अॅम सो प्राउड ऑफ यू!" क्लायंट गहिवरले म्हणे. एवढ्या मनापासून त्यांचं कुणी ऐकून घेतलंच नव्हतं.

ऑफिसला जायचे दिवस उरले होते. एका संध्याकाळी ते माझ्याकडे किल्ली आणि लॅमिनेट केलेला कागद घेऊन आले. "काका, दुपारी फक्त एकदा." कागद पाहून मी लगेच होकार दिला, कारण तो शासन निर्णयासारखा कलमवार होता. कलम १, साडेबाराला क्रेट उघडणे. कलम २, थेट बाल्कनीत नेणे, वाटेत लाड नाहीत. कलम ५, काम झाल्यावर तीन सेकंदांत शाबासकी, उशीर झाल्यास शाबासकी कशाबद्दल ते त्यास कळत नाही. कलम ६, चूक झाल्यास ओरडणे नाही, नाक घासणे नाही. त्याने पिल्लू घाण न करायला शिकत नाही, सोफ्यामागे लपून करायला शिकतं.

कलम ५ वर मी अडखळलो. चौतीस वर्षांत मी माणसांना चुकीबद्दल मेमो दिला तोही तीन महिन्यांनी, योग्य त्या मार्गाने. आणि शाबासकी तर खात्याच्या नियमात नव्हतीच. मुलालाही मी कधी जवळ घेऊन 'छान' म्हटल्याचं आठवत नाही, धपाटे आठवतात. त्यात या पिल्लाचं इंग्रजी माध्यम! पहिल्या दुपारी मोदक गवतावर बसला, त्याने केली आणि माझ्याकडे पाहिलं. एक सेकंद गेला. दोन गेले. 'गुड बॉय' काही तोंडून फुटेना. आणि ऐनवेळी, आयुष्यभर ज्या एका शब्दाने लोकांचे चेहरे खुलताना पाहिले होते, तो बाहेर पडला.

"मंजूर!"

मोदकची शेपटी अशी हलली की मागचं अंगही तिच्याबरोबर हललं. मी चिकनचा तुकडा दिला. शाकाहारी माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चिकन हातात धरलं ते असं. दोन आठवड्यांत मोदकला 'मंजूर' एवढं पाठ झालं की माझा आवाज ऐकताच तो शेपटी आपटू लागला. ही विचारायची, "रोज दुपारी कुणाच्या फाइली मंजूर करून येता?"

मोदकचे बाबा ऑफिसातून फोनवर कॅमेऱ्यात सारं पाहत असत. खरं तर एवढं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, त्यामुळे ते बहुतेक वेळ एक झोपलेलं कुत्रंच पाहत. पण संध्याकाळी मला भेटून सांगत, "काका, आज दोनदा कूस बदलली."

दिवस गेले. लशी पुऱ्या झाल्या, मोदक जमिनीवर उतरला, खालच्या कण्हेरीच्या झुडपावर त्याने आपला हक्क नोंदवला. तक्त्यातली पर्यटनस्थळं कमी होत गेली. पाचव्या महिन्यात एका सकाळी ते लिफ्टमध्ये जवळजवळ माझ्या गळ्यातच पडले. "काका, रात्री अकरा ते सकाळी सहा! मध्ये एकदाही नाही!" मी अभिनंदन केलं. मनात म्हटलं, सुटलास बाबा.

त्या रात्री तीनला मी नेहमीप्रमाणे उठलो. खिडकीतून पाहिलं. बाल्कनी रिकामी. अंधारात ते हिरवं गवत. हात जोडून उभं असलेलं कुणी नाही, मान हलवायला कुणी नाही. पिल्लू माझ्यापुढे निघून गेलं होतं. तीन महिन्यांत ते जे शिकलं, ते मी विसरत चाललो होतो. आपलं काम उरकलं. दिवा बंद करताना, कोण जाणे का, हळूच स्वतःलाच म्हणालो, "मंजूर."

समोरच्या उघड्या दारातून, सोलापुरी चादरीच्या आतून, लोखंडी गजांवर शेपटी आपटल्याचा आवाज आला. टण. टण. टण. मग एक भुंकणं. मग दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी मोदकचे बाबा तारवटलेल्या डोळ्यांनी भेटले. "काका, कळतच नाही हो. सात तासांचा पठ्ठ्या, काल बरोबर तीनला उठला."

मी गंभीरपणे मान हलवली आणि तक्त्यात काय लिहिलंत, म्हणून विचारलं. त्यांनी फोन दाखवला. वेळ, ३.०५. स्थळ, बाल्कनी. शेरा, कारण अज्ञात.

शेरा योग्य होता. मी त्यात दुरुस्ती सुचवली नाही.