गोंदियातील समस्त मूषकमंडळींस अनावृत पत्र

प्रति,
समस्त मूषकमंडळी, गोंदिया.
हल्ली मुक्काम : प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८४, बॉनेटच्या आत, एअर फिल्टरमागे.



पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण पाकिटात घालून शेडमध्ये ठेवले असते तर आपण ते वाचण्याआधीच फस्त केले असते. आरसी बुकाचे दोन कोपरे आपल्या पोटात गेले, तेव्हापासून कागदोपत्री व्यवहारावरचा माझा विश्वास उडाला आहे.

शनिवारी सकाळी बॉनेट उघडले तेव्हा आपण घरी नव्हता. संसार मात्र थाटलेला होता. खाली तणसाची गादी, तिच्यावर माझ्याच गाडी पुसायच्या फडक्याची चादर, बाजूला मूठभर तूस. हॉर्नची वायर तुटलेली, डाव्या हेडलाइटची तुटलेली, आणि कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर तर इतकी सफाईने कापलेली की शहरातल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनने आपल्याकडे उमेदवारी करावी. आपले पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी काहीतरी कुरतडावेच लागते, हे मी वाचले आहे. वैद्यकीय अडचण समजू शकतो. पण हे धानाचे गाव आहे, महोदय! राईस मिलच्या आवारात कणी आहे, कोंडा आहे, पोती आहेत, पोत्यांची सुतळी आहे. एवढे पंचपक्वान्न सोडून चाळीस वर्षांचे प्लास्टिक चघळण्यात आपल्याला कोणती चव लागते?

आणि ज्या एचएमटी तांदळावर आपल्या कैक पिढ्या पोसल्या, तो कुठून आला हे ठाऊक आहे? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम, जमीन त्याहून जेमतेम. १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून वाण निघाले, आणि नाव मिळाले त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचे. प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. अशा घरगुती खटपटीवर आपण गुबगुबीत झालात, आणि माझ्या घरगुती खटपटीवर तेवढा दात ठेवलात.

बरे, आपण स्वतः कोण? साक्षात वाहन. गणरायाला पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या कुळाने दुसऱ्या वाहनाची अशी दशा करावी? आपली फिटनेस तपासणी कधी झाली, हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही.

आपण जिच्यात राहता ती बाई कोण आहे, हेही सांगतो. भाडेकरूला घरमालकिणीची माहिती असावी. हिचा जन्म मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात. मूळ वंश इटलीचा, फियाट अकराशेचा. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, गियर स्टिअरिंगवर, पुढची सीट अखंड, म्हणजे तिघे ऐसपैस आणि चौथा आग्रहाने. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. एका मिलवाल्या शेठजींनी ती वाट पाहिली आणि गाडी गोंदियाला आली. आरसी बुकाच्या आपण शिल्लक ठेवलेल्या भागावर जिल्हा लिहिला आहे भंडारा, कारण गोंदिया जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला आणि त्याच वर्षी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली. जिल्ह्याची पाटी लागली आणि ही शेठजींच्या गोदामात पोत्यांमागे गेली. मुंबईतल्या हिच्या काळ्यापिवळ्या बहिणींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, त्याच्या कितीतरी आधी ही आमच्या जुन्या गोठ्यात येऊन उभी होती. गोठ्याला आता मी वर्कशॉप म्हणतो. घरचे अजून गोठाच म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. सरकारला जुन्या गाडीचे दोनच प्रकार कळतात. गाडी पंधरा वर्षांची झाली की तिच्याकडे संशयाने पाहायचे : फेरनोंदणी करा, फिटनेस दाखवा, पर्यावरण कर भरा. फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाले. फिटनेसमध्ये नापास झाली तर भंगाराची वाट दाखवायला १३ ऑगस्ट २०२१ पासून रीतसर धोरण आहे. आणि त्याच सरकारने जेमतेम महिनाभर आधी दुसरा नियम काढला : गाडी पन्नास वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली, तर ती व्हिंटेज. वारसा. तिला नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरे आणि वीस हजारांत सन्मानाने नोंदणी. पंधराव्या वर्षी कचरा, पन्नासाव्या वर्षी ठेवा. मधली पस्तीस वर्षे तिने राहायचे कुठे? रामालासुद्धा चौदाच सांगितली होती.

ती राहते आमच्यासारख्यांच्या गोठ्यात. शनिवार-रविवार हातात पाना घेऊन, कपाळाला ग्रीस लावून, पदरचे पैसे घालून आम्ही देशाचा भावी वारसा सांभाळतो आहोत. या कार्यात आजवर मला ना मंत्रालयाने अडवले, ना बायकोने. आडवे आलात ते आपण.

मिस्त्री परवा म्हणाला, “काय जी सर, काहून त्या फियाटच्या मागं लागले? मारुतीचं इंजिन टाकून देऊ न, मस्त पळते.” मस्त पळेल यात शंका नाही. पण मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे की, कंपनीने जशी घडवली त्यात मनमानी बदल चालणार नाही. व्हिंटेजचा नियम तर आणखी सोवळा : चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठी ढवळाढवळ झाली की वारसा बाद. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. सगळा देश टाळ्या वाजवत होता. आनंद महिंद्रांनी कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, त्यापेक्षा माझ्याकडून बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली, जीप महिंद्रांकडे गेली. म्हणजे अंगणात गाडी घडवणाऱ्याने ती घडवावी, पण चालवू नये, असा एकंदर संकेत आहे. मी तो काटेकोर पाळतो. मला तशी सक्तीच आहे म्हणा.

वायरी बदलायला मात्र नियमाची हरकत नाही. आपण अजून हयात आहात ते या एका तरतुदीमुळे. माझी काळजी वेगळी आहे. सोललेली तार कुठे टेकली, ठिणगी पडली आणि आपली गादी पेटली, तर मूळ बॉडी, मूळ इंजिन आणि मूळ भाडेकरू एकाच वेळी जातील.

शनिवार सगळा त्या तारांत गेला. मूळ रंग कधीच उडालेले, प्रत्येक वायर सारखीच काळी. टेस्ट लॅम्प लावत एकेक ओळखायची, सोल्डर मारायचा, टेप गुंडाळायची. डिस्ट्रिब्युटरची कॅप कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका ओळखीच्याने आणली होती, विदर्भ एक्स्प्रेसने, डब्यात चिवड्याच्या पुड्याशेजारी. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात. रविवारी कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासले, कार्बोरेटरमध्ये बाटलीने थोडे पेट्रोल ओतले, चोक ओढला. इंजिन खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि लागले. सायलेन्सरमधून आधी तूस उडाला, मग आवाज आला. गाडी फाटकापर्यंत गेली. तिथे उन्हाने पेट्रोल पंपातच वाफ धरली, म्हणून पंपावर ओले फडके टाकून बसलो. विदर्भातल्या मे महिन्यात फियाटवाल्याच्या डोक्यावर नसले तरी पंपावर फडके हवेच. मग गाडी ढकलत गोठ्यात आणली. शेजारच्या पोरांनी हात लावला. त्यांना हा खेळ पाठ आहे.

आता अटी. पुढच्या आठवड्यात बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या येत आहेत. विडीचा जिल्हा असल्याने तंबाखूच्या चुऱ्यालाही तोटा नाही. तेवढ्याने भागले नाही तर, होंडा कंपनी उंदरांसाठी म्हणून तिखट लावलेली टेप विकते. ती परदेशातून मागवायची गरज नाही. भिवापूरची मिरची इथून फार दूर नाही आणि साधी टेप घरात आहे. पिंजरा लावणार नाही, एवढा शब्द देतो. घरात गणपती बसतो, आणि त्याचे वाहन कुठे आहे असे कुणी विचारले तर मला उत्तर देता आले पाहिजे.

माझी मागणी माफक आहे. २०३४ पर्यंत वायरी सोडा. त्या वर्षी गाडी पन्नास पूर्ण करील, व्हीए नंबर मिळेल आणि तिला सन्मानाने रस्त्यावर नेता येईल. कशाकशासाठी नेता येईल, तेही नियमात स्पष्ट लिहिले आहे : प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती. पहिल्या दोन गोष्टी गोंदियात कधी होतील सांगवत नाही. उरलेल्या दोन आम्ही आत्ताही करतो, फक्त त्या वेळी कायदेशीर असतील.

आपला,
गोठ्याचा मालक

ता. क. : फडके परत ठेवावे. पंपासाठी लागते.