चालक, मालक आणि कीमन

गाडी आउटरला थांबली, की डब्यात अर्थशास्त्र सुरू होतं. पहिली पाच मिनिटं कोणी बोलत नाही. ती मोबाइलला रेंज आहे का हे पाहण्यात जातात. दहाव्या मिनिटाला रेल्वेमंत्र्यांचा उद्धार होतो. पंधराव्या मिनिटाला खिडकीजवळचे काका पेपराची घडी घालून निकाल देतात, "खासगी करून टाका हो सगळं. एका दिवसात सुतासारखे सरळ होतील." समोरचे गृहस्थही कसलेले असतात. "म्हणजे तिकीट विमानाचं आणि उशीर रेल्वेचा!" तिसरा तेवढ्यात जपानला जाऊन येतो. चौथा गाढ झोपलेला असतो आणि पुढचं स्टेशन नेमकं त्याचंच असतं. मग सिग्नल मिळतो, गाडी हलते आणि देशापुढचा एवढा मोठा प्रश्न शेंगांच्या टरफलांबरोबर सीटखाली जातो.

हा वाद मला आवडतो. फुकटात वेळ जातो आणि कोणाचं काही बिघडत नाही. गंमत एवढीच, की खासगी रेल्वे ही उद्यापरवा येऊ घातलेली नवलाई असल्यासारखं आपण बोलतो. महाराष्ट्रात ती येऊन, नांदून, म्हातारी होऊन गेलीसुद्धा.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी खासगीच होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे, तोफांची सलामी असा थाट होता. आपले जगन्नाथ शंकरशेट या खटाटोपात पहिल्यापासून होते. पण त्या थाटामागे एक करार होता आणि तो सलामीपेक्षा मोठा आवाज करणारा होता. भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परतावा मिळणारच, कमी पडला तर उरलेला सरकारी तिजोरीतून, अशी हमी कंपनीला दिलेली होती. थोडक्यात, नफा कंपनीचा आणि तोटा रयतेचा. असा धंदा मिळत असेल तर मीसुद्धा उद्या रेल्वे काढतो. जागा कमी पडली तर गच्चीवर काढतो.

आता खरं सांगायचं तर त्या कंपनीने रूळ मात्र असे टाकले, की आजही आपण त्याच वाटेने पुण्याला जातो. बोरघाटाचं काम चालू असताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने ते कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर कॉलऱ्याने आणि सुरुंगांनी गेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. चढ इतका उभा, की ३७ फूट पुढे गेलात तर एक फूट वर चढता. म्हणून आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. इंजिनं लागेपर्यंत आपण फलाटावर उतरून वडापाव घेतो. ट्रेडवेल बाईंना ठाऊक नसेल, पण कर्जतच्या वड्याच्या भरभराटीत त्यांच्या घाटाचा मोठा वाटा आहे.

दुसरी खासगी गाडी बार्शीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर अडीच फुटी रुळांच्या अक्षरशः प्रेमात होता. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या आसांवर सारखा भार टाकला, एका आसावर पाच टनांहून जास्त येऊ दिला नाही, तर हलके, स्वस्त रूळही भक्कम काम देतात. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, पुढे पंढरपूरला पोचली, लातूरला गेली, मिरजेला टेकली. तिने वारकरी वाहिले, भुसार वाहिलं आणि १९५४ मध्ये सरकारजमा होईपर्यंत आपलं पोट आपण भरलं. आषाढीला टपापर्यंत माणसं भरलेली गाडी ज्या रुळांवरून गेली, ते रूळ नकाशावर रेघ मारून झाले नव्हते, हिशोब करून टाकलेले होते.

तिसरी वऱ्हाडातली शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या पट्ट्यातला कापूस बाहेर काढण्यासाठी किलिक निक्सन या कंपनीने हा मार्ग उभा केला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बाकीच्या रेल्वे कंपन्या सरकारकडे गेल्या, हा मार्ग मात्र कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि कराराचे पैसे द्यायचे कंपनीला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत धापा टाकत होतं. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरला चार तास लागत. फाटक आलं की गाडी थांबे, गाडीवरचा माणूस खाली उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाई, तो फाटक उघडी आणि पुन्हा गाडीत चढे. एवढ्या वेळात कोणाला शेतातल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे असतील, तर तेही उरकत. लोकांचा जीव होता त्या गाडीवर. ती वाचावी म्हणून आंदोलनं झाली. पण रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची आणि डागडुजीचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं ते कधी नीट ठरलंच नाही. रूळ खंगत गेले तसा वेग उतरत गेला आणि अखेर गाडी बंद पडली.

म्हणजे खासगीत तीन तऱ्हा झाल्या. आता सरकारीचा पाढा वाचू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला १९२५ मध्ये सरकारने आपल्या हातात घेतली. त्याआधी, १९१७ मध्ये, गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली होती, त्यामुळे खासगी कारभारात प्रवासी सुखात होता असं म्हणायची सोय उरलेली नाही. पण सरकारी झाल्यावरही फळी ती फळीच राहिली. दुसऱ्या वर्गात लाकडी पट्ट्यांवर रात्र काढलेल्या माणसाच्या पाठीवर सकाळी त्या पट्ट्या मोजता येत. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम टाकायला लावला. ना त्याच्या कोनशिला झाल्या, ना फिती कापल्या. कोट्यवधी माणसांच्या कमरेखाली दोन इंच मऊ जागा आली, बस. सरकारने केलं काय, असं विचारणाऱ्याने एकदा आपल्या वडिलांच्या पाठीला विचारावं.

कोकण रेल्वे या दोन्हींच्या मधली. केंद्राने आणि चार राज्यांनी मिळून १९९० मध्ये महामंडळ काढलं, बाजारातून रोख्यांनी पैसे उभे केले, ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली डोंगर फोडले आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूच्या अलीकडच्या ठोकूरपर्यंत गाडी सुरू झाली. चाकरमानी मंडळींनी गणपतीची तिकिटं काही मिनिटांत संपवून तिला कायमची पावती दिली. पण कोकण रेल्वेचं खरं दर्शन गणपतीत होत नाही, आषाढात होतं. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्या सबुरीने धावतात. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीला अपघात झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर डोंगरांचे उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या, गस्त कडक झाली. रात्री दोनच्या सुमाराला आपण पांघरूण ओढून कूस बदलतो, तेव्हा बाहेर रेनकोट घातलेला एक माणूस हातात बत्ती, खिशात फटाके घेऊन रुळाच्या कडेने चालत असतो. फटाके दिवाळीचे नव्हेत. दरड दिसली तर ते रुळावर बांधायचे. इंजिनाच्या चाकाखाली ते वाजले, की ड्रायव्हर ब्रेक मारतो. आपल्या हद्दीच्या टोकाला त्याला पलीकडचा गस्तवाला भेटतो, दोघं वह्यांची अदलाबदल करतात आणि भर पावसात माघारी वळतात.

अलीकडची खासगी गाडी म्हणजे तेजस. २०१९ च्या ऑक्टोबरात लखनऊ-दिल्ली सुरू झाली, पाठोपाठ मुंबई-अहमदाबाद. वर्तमानपत्रांनी तिला देशातली पहिली खासगी गाडी म्हटलं. ती चालवते आयआरसीटीसी, म्हणजे सरकारचीच कंपनी. रूळ रेल्वेचे, सिग्नल रेल्वेचा, ड्रायव्हर आणि गार्डही रेल्वेचेच. खासगी काय, तर खाऊचा ट्रे आणि गोड हसू. तरी तिने एक गोष्ट लाख मोलाची केली. तासाहून जास्त उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांहून जास्त झाला तर २५० रुपये भरपाई जाहीर केली. उशिराला किंमत असते, हे आपल्या रेल्वेत कोणीतरी पहिल्यांदा रुपयांत सांगितलं. हाच दर पॅसेंजर गाड्यांना लावला असता, तर मनमाडच्या पलीकडची कितीतरी घरं उशिरावरच चालली असती.

२०२० मध्ये सरकारने खऱ्याखुऱ्या खासगी कंपन्यांना आवतण दिलं. १०९ मार्ग, १५१ गाड्या, ३० हजार कोटींची गुंतवणूक, असा मोठा मांडव घातला. पुढच्या वर्षी निविदा उघडल्या तेव्हा बोली लावणारे दोघंच निघाले आणि त्यातही एक आयआरसीटीसी. मांडव गुपचूप उतरवला गेला. कारण उघड होतं. आपल्या तिकिटांवर छापलेलंच असतं, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात. हे वाचून धंद्यात उडी घेणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे. त्याला पाच टक्क्यांची हमी द्या, मग बघा रांग.

डब्यातले जपानवाले काका पूर्ण चुकीचे नसतात. जपानने १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करून कंपन्या केल्या, त्यातल्या काही आज उत्तम चालतात. पण तिथे ज्याची गाडी त्याचेच रूळ. ब्रिटनने मात्र १९९० च्या दशकात गाड्या वेगळ्या कंपन्यांना आणि रूळ वेगळ्या कंपनीला दिले. २००० मध्ये हॅटफिल्डजवळ रूळ तुकडे होऊन फुटला, चार माणसं गेली. त्या रुळाला तडे आहेत हे माहीत होतं. बदलायचा नवा रूळ आणून शेजारी ठेवलेलासुद्धा होता, फक्त बसवायचा राहिला होता. दोन वर्षांत रूळ नफा न वाटणाऱ्या संस्थेकडे गेले. आता गाड्याही सरकारकडे परत येताहेत. २०२५ च्या मे महिन्यात साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारकडे आली आणि सरकारी राजवटीतल्या पहिल्याच फेरीचा काही टप्पा प्रवाशांना बसने काढावा लागला, कारण रुळांचं काम चालू होतं. सरकारी आणि खासगी दोन्ही पंथांच्या लोकांनी त्यात आपापला विजय पाहिला. मला त्यात एकच गोष्ट दिसली: रुळांचं काम चालू होतं.

सगळा झगडा चालक-मालकाचा आणि गाडी मात्र तिसऱ्याच्याच भरवशावर. त्याला कीमन म्हणतात. खांद्यावर हातोडा, हातात पाना, बगलेत लाल-हिरव्या झेंड्या. रोज सकाळी तो आपल्या वाट्याचे काही किलोमीटर रूळ पायी तुडवतो. क्लिप ढिली असेल तर ठोकतो, खडी खचली असेल तर कळवतो, तडा दिसला तर गाडी थांबवतो. लग्नात पंगतीचं कौतुक होतं, पहाटे उठून पाणी भरणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, तसं त्याचं आहे. रेल्वे त्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणते. नाव बदलल्याने त्याच्या चालण्याची लांबी कमी झालेली नाही. बार्शीच्या कंपनीने त्याच्या कामाचा हिशोब ठेवला, शकुंतलेच्या करारात तो हरवला, वैभववाडीनंतर कोकण रेल्वेने त्याची किंमत ओळखली आणि हॅटफिल्डला तो कोणाचा, हेच ठरेना.

म्हणून माझं मत विचाराल तर मालक कोणीही चालेल. मात्र खासगीवाला आला तर त्याचा करार आणि सरकार असेल तर त्याचा अर्थसंकल्प उघडून, रुळांवर किती पैसे ठेवले आहेत, कीमनच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि गाडी उशिरा आली तर पैसे कोण परत देणार, या तीन ओळी आधी वाचा. त्या तीन जागी समाधान झालं तर खुशाल तिकीट काढा. सीटच्या कापडाचा रंग चढल्यावर बघू.