आज कोण कोण?

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तर आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. बायको कूस बदलत "दिनूकाका" एवढंच म्हणते आणि पुन्हा झोपते. पलीकडून हॅलो नाही, 'झोपला होतास का' नाही. थेट प्रश्न येतो, "बोल, आज कोण कोण?"

यातला दुसरा 'कोण' महत्त्वाचा. एकट्यादुकट्याच्या वाढदिवसात दिनूकाकांना रस नाही. "तो काय, पेपरवालेही छापतात," म्हणतात. त्यांना लागते जोडी. त्रिकूट मिळालं तर दिवसभर चहा जास्त गोड लागतो. गाणारे, वाजवणारे, चाली लावणारे, गाणी लिहिणारे, जगाच्या पाठीवर कुठेही आणि कोणत्याही शतकात जन्मलेले असोत, तारीख एक निघाली की काका मांडीवर थाप मारून म्हणणार, "जुळलं!"

हा शब्द बँकेतला. चाळीस वर्षं त्यांनी संध्याकाळी जमा-नावे जुळवली. दोन पैशांचा फरक निघाला तर शेवटची एसटी सोडून ते खातेवह्या उपसत बसत. निवृत्तीनंतर बँक सुटली, जुळवायची खोड मात्र राहिली. सांगलीत विश्रामबागच्या दोन खोल्यांत ते आता अख्ख्या जगाच्या संगीताची रोजकीर्द टॅली करतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय एकदा बघण्यासारखं आहे. काकू त्यावर दुधाचा हिशेब ठेवतात आणि काका त्याच चौकोनांत माणसं भरतात. त्यामुळे ८ सप्टेंबरच्या चौकोनात 'दीड लि., आशा, भूपेन, ड्वोर्झाक' अशी नोंद असते. एका वर्षी दूधवाल्याने या नोंदीकडे बराच वेळ पाहून विचारलं, "काकू, हे ड्वोर्झाक किती घेतात?"

त्या दिवशी काकांनी त्याला दारातच उभं करून सगळं समजावलं. आशा भोसले १९३३ सालच्या, आपल्या सांगलीच्या. हे वाक्य काका असं म्हणतात, की पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती. भूपेन हजारिका १९२६चे, पार आसामातल्या सदियाचे. आणि अन्तोनिन ड्वोर्झाक १८४१चा, बोहेमियातल्या खाटकाचा मुलगा, आगगाड्यांचा इतका वेडा की प्रागच्या स्टेशनावर जाऊन इंजिनं बघत उभा राहायचा. "आता सांग," काका म्हणाले, "हे तिघं एका दिवशी जन्मले, याला काय म्हणायचं?" दूधवाला म्हणाला, "उशीर म्हणायचं," आणि किटली उचलून गेला.

पण काकांच्या गल्ल्यातली सगळ्यात मोठी नोट १ ऑक्टोबरची. सचिनदेव बर्मन १९०६चे, हे झालं मुद्दल. व्याज म्हणजे मजरूह सुलतानपुरी आणि गदिमा, दोघंही १९१९चे. तारीख तीच आणि सालही तेच! "एक सुलतानपुरात, एक शेटफळ्यात," काका आवाज खाली आणून सांगतात, जणू बाहेर फुटायला नको. "तिकडे एकाने सचिनदांच्या चालींवर गाणी लिहिली, इकडे एकाने गीतरामायणाची छप्पन्न गाणी लिहिली." मग थोडं थांबून, "आणि शेटफळं आपल्या जिल्ह्यात, बरं का." काकांच्या जगात शेवटी सगळं सांगली जिल्ह्यात येऊन टेकतं.

त्यांचा एक भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. गणपतीला आला तेव्हा त्याने गणित मांडलं : एका खोलीत तेवीस माणसं असली, तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. त्यामुळे मामा, यात विशेष काही नाही. काका बराच वेळ भडंग चिवडत बसले. आमच्या मनात धस्स झालं. माणसाचा छंद असा भरल्या घरात मोडू नये. शेवटी काका म्हणाले, "तुझ्या तेविसांत कुणीतरी दोघं जुळतात. माझ्याकडे आशा आणि भूपेन जुळतात. फरक आहे." भाच्याने मान खाली घालून आणखी भडंग घेतलं.

सोसायटीत कुणाकडे पाळणा हलणार असला, की काका आजीआजोबांच्या बरोबरीने येरझाऱ्या घालतात. वरच्या मजल्यावरच्या सुनेचं सिझेरियन ठरलं तेव्हा घरच्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढला होता. काका हळूच डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचले. "२४ म्हणताय? २६ ऑक्टोबर जमेल का? हृदयनाथ मंगेशकर आहेत, डोमेनिको स्कार्लाटी आहे. चांगली संगत मिळेल पोराला." डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं. मुलगी चोविसालाच झाली. काका पेढा खाताना म्हणाले, "गोड आहे. दोन दिवस थांबली असती तर..."

काकूंचा अनुभव याहून जुना आहे. "लग्न अकरा मेला ठरत होतं. यांच्याकडून निरोप आला, चार दिवस अलीकडे घेता येईल का? माझ्या वडिलांना वाटलं, देण्याघेण्याचं काहीतरी निघालं. रात्रभर झोपले नाहीत बिचारे." देण्याघेण्याचं काही नव्हतं. ७ मेला ब्राह्म्स, चायकोव्हस्की आणि रवींद्रनाथ असे तिघं जन्मले होते आणि काकांना त्या मांडवात उभं राहायचं होतं.

या तिघांवर काका रंगात येऊन बोलतात. चायकोव्हस्कीचं प्रकरण शिवजयंतीसारखंच, तिथीने वेगळं, तारखेने वेगळं. रशियाचं कॅलेंडर तेव्हा बारा दिवस मागे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरी तो २५ एप्रिललाच जन्मला. आणि बंगाली लोक रवींद्रनाथांचा जन्मदिवस २५ बैशाखला करतात. "पंचवीस आणि पंचवीस! इथेही जुळलं!" चायकोव्हस्कीला ब्राह्म्सचं संगीत मुळीच आवडायचं नाही. पुढे १८८८ला, एक जानेवारीला, लाइपझिगमध्ये एका व्हायोलिनवादकाच्या घरी दोघांची गाठ पडली आणि माणूस मात्र त्याला बरा वाटला. दुसऱ्या वर्षी हॅम्बुर्गला त्याच्या पाचव्या सिंफनीची तालीम ऐकायला ब्राह्म्सने मुक्काम एका दिवसाने वाढवला. "पटत नसताना एक दिवस थांबणं," काका म्हणतात, "हे फक्त एका तारखेचे लोकच करू जाणे." काकू आतून म्हणतात, "आणि बायका."

मला त्यांच्याकडून मिळालेली भेट म्हणजे २१ मार्च. तोपर्यंत माझा वाढदिवस हा मार्चअखेरच्या धांदलीत विसरला जाणारा एक दिवस होता. काकांनी पहिल्याच ओळखीत तारीख विचारली आणि उठून उभे राहिले. "बिस्मिल्ला खाँसाहेब! आणि बाख! जुन्या कॅलेंडरने, पण बाख!" तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी सहा दहाला "तुम्हा तिघांना शुभेच्छा" असा फोन येतो. हसू येतं खरं. पण गेली बारा वर्षं मी त्या सकाळी शहनाई लावतो, हेही खरं.

एवढं सगळ्यांचं करणाऱ्या माणसाला स्वतःची तारीख नसावी, हा कुठला न्याय? काकांच्या दाखल्यावर १ जून १९५२ आहे. महाराष्ट्रात त्या काळी हेडमास्तरांच्या टाकाने जी लाखो मुलं एक जूनला जन्मली, त्यांतले हे एक. संगीतात शोधून शोधून त्यांना ग्लिंका सापडला, रशियन संगीताचा मूळपुरुष. पण खोलात गेल्यावर कळलं, की तो जुन्या कॅलेंडरने २० मेचा. "त्याचाही एक जून कागदोपत्रीच," काका खिन्नपणे म्हणाले. लुई आर्मस्ट्राँग स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० सांगायचा. तो गेल्यानंतर चर्चच्या दप्तरात ४ ऑगस्ट १९०१ निघाला, आणि थेट किशोरकुमारच्या पंगतीत जाऊन बसला. तेव्हापासून दप्तर निघण्यावर काकांचा फार विश्वास.

त्यांचं दप्तर एवढंच : आई म्हणायची, तू श्रावणातल्या सोमवारी झालास. बावन्न सालच्या श्रावणात सोमवार चार. २८ जुलै, ४ ऑगस्ट, ११ ऑगस्ट, १८ ऑगस्ट. पंचांगातून काकांनी ते कधीच काढून ठेवले होते. चौथा असेल तर शेजारच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, शिवाय गुलजार. दुसरा असेल तर किशोर. तारखा लिहिलेला कागद चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेला.

मागच्या पावसाळ्यात मला अचानक सुचलं. म्हटलं, "काका, तासगावच्या आत्या त्या वर्षी घरी होत्या ना? नवी नवरी म्हणजे शिवामूठ वाहिली असणार. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. मुठीत काय होतं ते आठवलं, की तारीख निघाली!" काका माझ्याकडे बघतच राहिले. मग चप्पल घालायला धावले.

आत्या नव्वदीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. "का नाही आठवणार? मूठ घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि आत तू टाहो फोडलास. घाबरून निम्मी मूठ अंगणात सांडली. नंतर तिथं रोपं उगवली की मुगाची!"

मूग. म्हणजे तिसरा सोमवार. ११ ऑगस्ट.

परतीच्या एसटीत काका खिडकीबाहेर बघत होते. चष्म्याच्या घरातला कागद दोनदा उघडला, दोनदा मिटला. त्या चौकोनात त्यांच्याकडे कुणीच नव्हतं. रोपांचा पुरावा चर्चच्या दप्तराहून पक्का, हे मी बोललो नाही. कवलापूर गेल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"नव्वदीत काय आठवतंय रे म्हातारीला? तीळच असणार."

चाळीस वर्षं दोन पैशांसाठी एसटी सोडणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा सात दिवसांचा फरक खिशात घालून घरी चालला होता.

यंदा ४ ऑगस्टला पहाटे मीच गजर लावून उठलो. सहा वाजून नऊ मिनिटांनी, त्यांच्या आधी, फोन लावला आणि विचारलं, "बोला काका, आज कोण कोण?"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग मांडीवर थाप वाजली.